बारावी गाठ

२० जानेवारी

प्रिय आजी,

फोनवर आवाज तुटतो, तुला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की आमच्या अख्ख्या वॉर्डाला आपल्या घरच्या गोष्टी कळतात. म्हणून पत्र. बाबा वाचून दाखवतील, तू पाय पसरून ऐक.

एक काम आहे. तू नाही म्हणणार नाहीस, कारण त्यात लोकांवर नजर ठेवायची आहे.

आमच्या इस्पितळात या महिन्यापासून एक नवीन कागद आला आहे. टाके घालायच्या टेबलावर जो येईल त्याला नाव-वयाबरोबर तीन प्रश्न विचारायचे: कुठे लागलं, किती वाजता, कशाने. डॉक्टरीणबाई म्हणतात, आपण नुसते शिवत बसतो आणि तेच लोक तशीच जखम घेऊन परत येतात, एकदा बघू तरी कापड फाटतं कुठे. तर आजी, आतापर्यंत सगळ्यांत जास्त वेळा कुठलं नाव आलं असेल? आपल्या गल्लीचं. तुझ्या खिडकीसमोरच्या दारूच्या दुकानाचं. बसने दोन तासांचा रस्ता, पण येतात माझ्याच टेबलावर, आणि डोक्यातून रक्त गळत असताना विचारतात, "अगं, तू शिंप्याची ना?"

इथे येतात तेवढेच आम्हाला दिसतात. जे पडतात आणि कपडे झटकून घरी जातात, ते फक्त तुला दिसतात. मोजशील?

आणि बाबा रोज किती घेतात? खरं सांग.

तुझी
टाचणी


४ फेब्रुवारी

टाचणीला आजीकडून पुष्कळ आशीर्वाद, आणि एक टपली.

टपली यासाठी, की एवढं लांबलचक पत्र लिहिलंस आणि घरच्यांची चौकशी एका शब्दाने नाही. तुझ्या बापाने "मोजशील?" पर्यंत वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. (शेवटी नेहमीचंच होतं, म्हणून वाचलं नाही. — बाबा)

हे बघ, मी सांगते आणि तुझा बाप लिहितो. चाळीस वर्षं काजं केली, बटणं लावली, त्यात अक्षर कधी लागलं नाही. पण कान शाबूत आहेत. मी गप्प असताना पेन चालल्याचा आवाज आला की समजते, हा मध्येच काहीतरी घुसडतोय. तेवढं सोडून बाकीचं माझं धर. (मी काही घुसडत नाही. — बाबा)

मोजते आहे. कसं, तर दोऱ्याने. आठवतं ना, शंभर काजं झाली की मी एक गाठ मारायची आणि संध्याकाळी तू मांडीवर बसून गाठी मोजायचीस? तसंच. माणूस पडला की एक गाठ. दुकानाच्या मधल्या पायरीवर पडला तर दुहेरी गाठ. दोरा पाकिटात घालते आहे. पाकीट मीच चिकटवते, खळ लावायला अक्षर लागत नाही. लाल दोरा मात्र यात वापरला नाही. तो घरच्यांसाठी राखलेला. घरच्या शर्टाच्या कॉलरमध्ये आतून लाल टाका मारला की तो गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात जात नाही. तुझ्या एका फ्रॉकला मारायला विसरले, तो अजून कुणाची तरी मुलगी घालत असेल.

दहा दिवसांत सतरा गाठी. त्यांतल्या दहा दुहेरी. आणि पडतो कोण, माहीत आहे? मुरलेले नाहीत. त्यांना त्या पायऱ्या पाढ्यासारख्या पाठ आहेत. पडतात ते कारखाना सुटल्यावर साडेसहाला थेट आलेले, पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नसलेले. तासाभरात बाहेर येतात आणि हवेला नमस्कार करतात.

तुझा बापही रोज सातला समोर जातो. माप घ्यायला, म्हणतो. वर्षभर एकाच माणसाचं माप घेतोय. तो माणूस रोज जाड होत असावा. (कोटाचं काम आहे. वेळ लागतो. — बाबा)

तुझी
आजी


११ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझा दोरा मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरला. त्या चष्मा लावून खूप वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या कागदापेक्षा हा बरा. याला वेळही आहे आणि पायरीही."

आता ऐक. गल्लीच्या समितीत हा दोरा दाखव. पण दुकानाला टाळं लावायच्या मागे लागू नका. तेच लोक पलीकडच्या गल्लीत जाऊन पडतील, आणि तिथे तुझी खिडकी नाही. पायरी, पेला आणि पोट या तीन गोष्टी बघा. पेला अशासाठी, की माझ्या टेबलावर निम्म्या जखमा फुटक्या काचेच्या असतात. आणि गाडी घेऊन आलेल्यांचं काय करायचं तेही ठरवा. ते पडतात तेव्हा एकटे पडत नाहीत.

या खेपेला चौकशी करते, म्हणजे टपली नको: बाबांचा तो कोट झाला का शिवून?

तुझी
टाचणी


२७ फेब्रुवारी

टाचणे,

कोट शिवून व्हायचाय. तुझ्या बापाने तो प्रश्न वाचला खरा, पण खोकत खोकत.

समितीची बैठक झाली. आपले गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांचा मोर्चाचा बेत होता. फलकसुद्धा रंगवून वाळत घातलेले. मी दोरा पुढे केला आणि म्हटलं, "गुरुजी, हे तपासा."

"हे काय, आजी?"

"निबंध. जन्मातला पहिलाच. चुका पोटात घाला."

मग आम्ही सगळे समोर गेलो. दुकानाचा मालक हाताची घडी घालून दारात उभा. "आजी, तुम्हीपण माझं दुकान बंद करायला आलात?"

म्हटलं, "नाही रे बाबा, तुझी गिऱ्हाइकं जिवंत ठेवायला आले. मेलेला माणूस दुसरा पेला मागत नाही."

हसला. माणूस वाईट नाही, पोट सुटलंय तेवढंच. त्याने गवंडी बोलावला. गवंड्याने पट्टी लावली, तर मधली पायरी बाकीच्या दोघींपेक्षा दोन बोटं उंच! बारा वर्षं सगळे एकट्या दारूला शिव्या देत होते, आणि निम्मं पाप पायरीचं. उरलेलं निम्मं दारूचंच, त्यात तिला सूट नाही.

पायरी तासली, बाजूला कठडा आला. काचेचे पेले गेले, स्टीलचे आले. कारखान्यातला फिटर दोन पेल्यांवर उठला. म्हणाला, "दूध प्यायल्यासारखं वाटतं, मजाच गेली." आणि पहिल्या पेल्याआधी उकडलेल्या शेंगदाण्यांची बशी. बशी रिकामी नाही, तर पेला नाही.

आता माझी युक्ती. समितीत दुसऱ्या कुणालाही सुचली नाही, हे ठळक लिही रे. (ठळक लिहिलं आहे. — बाबा) गाडीवाल्याने आल्या आल्या किल्ली गल्ल्यामागच्या खुंटीवर टांगायची. निघताना किल्ली हवी असेल तर सुईत दोरा ओवून दाखवायचा. नऊ नंबरची सुई, बारीक नेढ्याची. मी स्वतः दिली. ओवला तर किल्ली, नाही तर पायी. घेतलेला माणूस काय ओवतोय! दारूचं पाणी शेवटी हातातच उतरतं.

तुझी
आजी


६ मार्च

प्रिय आजी,

सुईवर आमचा सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण नंतर गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आजींना सांग, परीक्षा पास झाला म्हणजे माणूस शुद्धीवर आहे असं नसतं. ज्याने घेतली त्याला किल्ली नाही, एवढाच नियम ठेवा."

ऐकशील ना?

इथे कागदावर आपल्या गल्लीचं नाव मात्र खूप कमी झालंय. गेल्या आठवड्यात एकच आला, तोही शेंगदाण्यावरून भांडण झालं म्हणून.

तुझी
टाचणी


३० मार्च

टाचणे,

डॉक्टरीणबाईंना म्हणावं, तुम्ही टाके घाला, सुईचं मी बघते. चाळीस वर्षं सुई माझ्या बोटात होती, मला तिचा स्वभाव माहीत आहे.

परीक्षेचं उद्‌घाटन गुरुजींनी केलं. थेंब न घेता. सायकलची किल्ली टांगली, सुई घेतली, आणि अर्धा तास ती डोळ्यांपुढे, मग लांब, मग दिव्यासमोर. शेवटी सुईलाच म्हणाले, "बाक बदल." नियम म्हणजे नियम, मालकाने किल्ली दिली नाही. गल्लीतला एकमेव निर्व्यसनी माणूस पायी घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने चष्म्याचा नंबर वाढवून आणला, तेवढा एक फायदा. फिटरने तर तीन वेळा दोरा सुईच्या शेजारून नेला आणि "झालं!" म्हणून किल्लीला हात घातला. त्यालाही पायी पाठवला.

या महिन्यात गाठी अकरा. दुहेरी एकच.

तुझा बाप बरा आहे. कोपराला पट्टी आहे. कशामुळे, ते त्याने स्वतःच लिहावं, मी भिंतीकडे तोंड करून बसते. (न्हाणीघरात पाय घसरला. विशेष काही नाही. — बाबा)

झालं का लिहून? बराच छोटा अपघात दिसतोय, पेन लगेच थांबलं.

बाकीचं दोरा सांगेल.

तुझी
आजी


४ एप्रिल
(बाबांच्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर. आजीला वाचून दाखवू नये.)

बाबा,

पत्रात अकरा लिहिलंय. दोऱ्यात बारा गाठी आहेत.

बारावी लाल दोऱ्याची आहे.

आजीला लिहिता येत नाही असं तुम्ही आणि मी दोघंही समजत होतो. लाल दोरा कशासाठी असतो ते तुम्हीच फेब्रुवारीच्या पत्रात तिच्या तोंडून लिहून घेतलंत. पेन तुमच्या हातात होतं, म्हणून तिने पाकीट स्वतःच्या हातात ठेवलं.

मी रागावून लिहीत नाहीये. एकच सांगते. आपल्या बाजूची गाडी इस्पितळाच्या दारात आली की पडदा सरकवायच्या आधी मी खाली वाकून बूट बघते. तुमचे तपकिरी, डाव्याची नाडी पांढरी. ते नसले की मग मी पुढचं काम करू शकते. दोन वर्षं असं करतेय. आता सवय झालीय, पण हातमोजे घालताना हात कापतात. आणि टाके घालताना हात कापून चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

न्हाणीघरात काय झालं?

तुमची
टाचणी


१० एप्रिल

चि. टाचणी,

तुझं पत्र तीन वेळा फाडायला घेतलं. आधी एक वेगळं उत्तर लिहिलं होतं. त्यात मी बाप आहे, तू पोर आहेस, असं बरंच होतं. ते फाडलं.

न्हाणीघरात काही झालं नाही.

त्या दिवशी मी चार पेले घेतले होते. निघताना स्कूटरची किल्ली मागितली. सगळे गंमत बघायला गोळा झाले. मी सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात ओवली. न बघता, बोलता बोलता. टाळ्या पडल्या. समोर आपल्या खिडकीतूनही एक टाळी आल्यासारखं वाटलं, पण पेले आदळले असतील. मालक म्हणाला, "उस्ताद, तुम्ही शुद्धीवरच आहात!" आणि किल्ली दिली. मलाही पटलं.

अगं, लहानपणापासून मी सुई ओवतोय. झोपेत दिलीस तरी ओवेन. डोकं कुठे आहे ते हाताला विचारायची गरजच पडत नाही. ही परीक्षा दारू पिऊनही पास होणारा गल्लीत एकच माणूस होता, आणि ती त्याच्या आईने काढली होती.

कोपऱ्यावर स्कूटर गटाराच्या कठड्याला गेली. समोरून दूधवाली येत होती. हातभर अंतर राहिलं. तिच्या हातातली दुधाची कासंडी पडली. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली. ते कोपरापेक्षा जास्त दुखतंय.

आणि जानेवारीच्या पत्राची शेवटची ओळ मी आईला वाचून दाखवली नव्हती. तू विचारलं होतंस, रोज किती. उत्तर: तीन. कधी चार. कोट कुणाचाच नाही.

आईला यातलं काही कळवू नकोस. स्वतःच्या सुईमुळे झालं असं तिला वाटेल.

बाबा


३ मे

टाचणे, माझे आई,

परवा तुझ्या बापाने मला एक पत्र वाचून दाखवलं, जे मला लिहिलेलंच नव्हतं. दुकानाच्या पत्त्यावरचं. मग त्याचं उत्तर सांगितलं, त्याला तोंडपाठ होतं. मग जानेवारीचं पुन्हा काढलं आणि या खेपेला शेवटच्या ओळीसकट वाचलं. एवढं वाचन त्याने शाळेत केलं असतं तर मॅट्रिकला दोनदा बसावं लागलं नसतं. (एकदाच. — बाबा) पेन वाजलं. दोनदा, टाचणे.

आता मी सांगते ते नीट लिही रे, मध्ये तोंड घालू नकोस.

ती टाळी माझी होती. पहिली टाळी. खिडकीत बसले होते. माझ्या पोराने बोलता बोलता नऊ नंबरची सुई ओवली आणि माझे हात आपोआप वाजले. सहा वर्षांचा असताना मीच शिकवलं होतं त्याला. वाटलं, बघा, याला म्हणतात हात! पेल्यांचं, किल्लीचं काही डोक्यात आलं नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा टाळी अजून बोटांत होती. खिडकीतून ओरडले, पण म्हातारीचा आवाज आणि स्कूटरचा आवाज, कोण जिंकणार? कोपऱ्यावरून धडाम ऐकलं. मग तो चालत परत आला आणि म्हणाला, न्हाणीघर. मी काही बोलले नाही. बोलले असते तर टाळीचंही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा लाल दोरा काढला.

(मला वाटलं पेले वाजले. — बाबा)

तर डॉक्टरीणबाईंना सांग, म्हातारी हरली. सुई परत आणली, पिशवीत टाकली. आता किल्ल्या माझ्याकडे. खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडते, मालक त्यात सगळ्यांच्या किल्ल्या टाकतो, मी वर ओढते. ज्याने थेंबही घेतला त्याची किल्ली सकाळी, माझ्या दारात, तोंड धुऊन. रडून मागा, हसून मागा. फिटरने गाणं म्हणून दाखवलं. म्हटलं, छान आहे, सकाळी पुन्हा ये. गुरुजींची सायकल मात्र सुटली.

गुरुजींच्या खोलीत दर मंगळवारी सात-आठ जण गोल करून बसतात. ज्यांना कमी करायची आहे, ज्यांना सोडायची आहे, ज्यांना नुसतं बसायचं आहे. तुझा बाप सातला आता तिकडे जातो. बाकीच्या दिवशी सातला काय करायचं हे त्याला सुचत नाही, म्हणून खरोखरच एक कोट शिवायला घेतलाय. दूधवालीच्या नवऱ्याचा. शिलाई घेणार नाही म्हणतो. माप नीट घेतलंय, मी पाहिलं.

सगळं सरळ झालं असं समजू नकोस. गेल्या महिन्यात गाठी सहा. चार गल्लीच्या, दोन लाल. एक मी मारली. वीस तारखेला तो समोर गेला आणि कठड्याला धरून धरून खाली बसला. गाडीशिवाय. ते मी पाहिलं.

दुसरी मी मारलेली नाही. काल दोरा पाकिटात घालायला घेतला तर बोटाला एक जास्तीची लागली. विचारलं, ही कुठली?

(पंचवीस तारखेची. आपल्याच दुकानात, मागच्या बाजूला. स्टुलावरून पडलो. कुणी पाहिलं नव्हतं. — बाबा)

म्हणून त्याने स्वतः मारली. तीस वर्षं शिंपीकाम करतोय, पण गाठ बघ कशी ढिली मारलीय. असल्या गाठीवर बटण दोन दिवस टिकणार नाही. सोडवून पुन्हा मारणार होते. मग म्हटलं, राहू दे. आहे तशीच पाठवते. हळू हाताने धर.

तुझी
आजी